लवकर वाढणारे मासे आणि जनुकीय मार्कर: माळव्यातल्या तळेवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

इंदूर, देपालपूर, सांवेर, महू आणि पलीकडे देवासपर्यंत शेततळ्यात मासे सोडणारी मराठी घरं आता बरीच झाली आहेत. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत होते. निवृत्तीनंतर देपालपूर रस्त्यावरच्या भाऊजींच्या तळ्याची बीजाची (म्हणजे तळ्यात सोडायच्या पिलांची) आणि नोंदींची बाजू मी बघते. फोनवर, लग्नात, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना लोक मला तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

मार्कर, मार्कर म्हणतात ते आहे तरी काय?

माशाच्या प्रत्येक पेशीत डीएनएचा लांबलचक मजकूर असतो, चारच अक्षरांत लिहिलेला. रोहूमध्ये तो गुणसूत्रांच्या २५ जोड्यांत भरलेला आहे. बहुतेक मजकूर सगळ्या रोहूंमध्ये सारखाच असतो, पण काही ठरावीक जागी एका माशात एक अक्षर असतं आणि दुसऱ्यात दुसरं. ती जागा प्रयोगशाळेत वाचता येते आणि तिथलं अक्षर आईबापांकडून पिलांकडे जातं. वाचता येणारी, वारशाने मिळणारी अशी प्रत्येक जागा म्हणजे मार्कर. एका अक्षराच्या फरकाला एसएनपी म्हणतात, बोलताना ‘स्निप’. याआधी जास्त वापरात होते ते मायक्रोसॅटेलाइट. त्यात दोन-तीन अक्षरांचा तुकडा सलग पुन्हा पुन्हा येतो, एका माशात बारा वेळा, तर दुसऱ्यात सतरा वेळा.

आपल्याकडे घराण्यांचे कुलवृत्तांत छापतात. कोण कुणाचा मुलगा, कोणती शाखा इंदूरला आली, कोणती कोकणातच राहिली, हे त्यात कळतं. माणूस किती कर्तबगार निघेल हे मात्र त्यात लिहिलेलं नसतं. मार्करचं पहिलं काम असंच आहे, नातं सांगण्याचं. पुढचं काम म्हणजे गुणांचा अंदाज. ते अवघड आहे, त्याकडे खाली येते.

मार्कर लावले की मासा लवकर वाढतो?

नाही. मार्कर ‘लावत’ नाहीत, वाचतात. ताप मोजल्याने तो उतरत नाही, तसंच आहे हे. वाचून जी निवड होते, तिच्यामुळे पुढची पिढी बदलते.

म्हणजे हा जीएम मासा नाही?

नाही, आणि हा गोंधळ मनातून काढून टाकावा असं मला कळकळीने वाटतं. जीएम मासा म्हणजे ज्यात बाहेरचं जनुक घातलं आहे तो. अमेरिकेत २०१५ साली खाण्यासाठी मंजूर झालेला साल्मन तसा होता. अटलांटिक साल्मनमध्ये चिनूक या दुसऱ्या साल्मनचं वाढीच्या संप्रेरकाचं जनुक आणि ते सतत चालू ठेवणारा तिसऱ्याच माशाचा तुकडा घातला होता. मार्कर वापरून केलेल्या निवडीत माशात काहीही घालत नाहीत आणि काही काढतही नाहीत. निसर्गाने दिलेल्याच माशांमधून आईबाप कोण असावेत, एवढंच ठरवतात. शेतकरी गव्हाच्या चांगल्या ओंब्या बियाण्यासाठी वेगळ्या काढतो, त्याच जातीचं हे काम, फक्त डोळ्यांना न दिसणारी माहितीही हाताशी घेऊन केलेलं.

वाढीचं जनुक सापडलं आहे का? ते असलेलेच मासे निवडले की झालं!

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो. उत्तर ऐकून लोक हिरमुसतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वाढ एका जनुकावर चालत नाही. मासा किती भूक धरतो, खाल्लेल्या खाद्यातलं किती अंगाला लावतो, थंडीत किती तग धरतो, कल्ल्यांतून किती प्राणवायू ओढतो, आजारात किती दिवस घालवतो, या सगळ्याचं मिळून वजन बनतं. त्यामागे शेकडो, कदाचित हजारो जागा असतात आणि प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. त्यातली एखादी जागा धरून निवड केली तर तळ्याच्या काट्यावर फरक जाणवतही नाही.

एकाच जागेने बाजी मारल्याचं उदाहरण आहे, पण ते वाढीचं नाही, रोगाचं आहे. साल्मनच्या पिलांना आयपीएन नावाचा विषाणूचा रोग व्हायचा आणि हौदच्या हौद साफ व्हायचे. नॉर्वे आणि स्कॉटलंड इथल्या संशोधकांना स्वतंत्रपणे एकाच गुणसूत्रावर अशी जागा सापडली की रोगाला तोंड देण्याच्या ताकदीतला बहुतेक आनुवंशिक फरक तिथूनच येत होता. २००९ च्या सुमारास ती जागा वाचून पैदाशीचे मासे निवडायला सुरुवात झाली. पुढच्या सहा वर्षांत नॉर्वेतले या रोगाचे उद्रेक सुमारे तीन-चतुर्थांशाने घटले. मार्कर वापरून केलेल्या निवडीचं मत्स्यपालनातलं हे सर्वांत सरळ यश. एक मोठं कुलूप असेल तर एक किल्ली चालते. वाढीला मात्र शंभर लहान कड्या आहेत.

मग वाढीसाठी मार्करचा उपयोग काय?

दोन आहेत. पहिला, आईबाप ओळखणं. हा साधा वाटतो, पण माझ्या मते खरी कमाई इथेच आहे.

निवडीचा मूळ हिशेब असा. तळ्यातल्या सरासरीपेक्षा २०० ग्रॅम जास्त भरलेले नर-मादी निवडले आणि वाढीची आनुवंशिकता, म्हणजे फरकातला वारशाने येणारा वाटा, ०.२५ धरली (माशांमध्ये ती साधारण ०.२ ते ०.४ असते), तर पिलांची सरासरी २०० ग्रॅमनी नाही, ५० ग्रॅमनीच वर सरकते. उरलेले १५० ग्रॅम आईबापांच्या नशिबाचे होते: चांगला कोपरा मिळाला, आधी जन्मले, जास्त खाल्लं. त्यामुळे नुसता मोठा मासा निवडून भागत नाही. त्याचे भाऊबहीण, चुलत भावंडं, वेगळ्या तळ्यातले नातलग कसे वाढले ते बघावं लागतं. सगळं घराणंच मोठं असेल तर मोठेपणा रक्तातला, नाहीतर नशिबाचा.

आता अडचण बघा. गाईच्या कानात बिल्ला अडकवता येतो. रोहूचं अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं पिल्लू, मत्स्यजिरं, पापणीच्या केसाएवढं, त्याला बिल्ला कुठे लावणार? म्हणून जुन्या पद्धतीत प्रत्येक घराणं वेगळ्या लहान तळ्यात वाढवायचं, आणि पिलं पुरेशी मोठी झाली की पोटात मोठ्या तांदळाच्या दाण्याएवढी ओळखीची चिप सोडायची. तोवर महिने जातात. त्यात एका तळ्याची माती चांगली, दुसऱ्याची वाईट. म्हणजे घराण्याचा फरक कोणता आणि तळ्याचा कोणता, हेच कळेनासं होतं. मार्कर असतील तर सगळी घराणी पहिल्या दिवसापासून एकाच पाण्यात सोडता येतात. वजन घ्यायच्या वेळी परांचा (माशाच्या पंखांचा) तुकडा कापायचा आणि डीएनए वाचून प्रत्येकाचे आईबाप शोधायचे. सगळ्यांना तेच पाणी, तेच खाद्य, तीच थंडी मिळाली असते. मग जो फरक दिसतो त्यावर जास्त विश्वास ठेवता येतो.

आणि दुसरा उपयोग?

त्याला जीनोमिक निवड म्हणतात. मूळ कल्पना २००१ साली गाईगुरांच्या पैदाशीसाठी मांडली गेली. आधी काही हजार मासे घेतात, त्यांची वजनंही मोजतात आणि हजारो स्निपही वाचतात. मग संगणक प्रत्येक जागेच्या अक्षराला लहानसं मोल देतो. कुठे दोन ग्रॅम अधिक, कुठे एक ग्रॅम उणे. नंतर नव्या पिलाचे फक्त स्निप वाचायचे आणि सगळ्या मोलांची बेरीज करायची. वाढीचं एक जनुक शोधण्याचा हट्ट सोडून शंभर कड्यांचा एकत्र हिशेब करण्याची ही रीत आहे.

तिचं बळ सख्ख्या भावंडांत दिसतं. एकाच जोडीच्या दोन पिलांना आईचा निम्मा आणि बापाचा निम्मा वारसा मिळतो, पण कोणता निम्मा, ते वेगळं असतं. वंशावळीवरून दोघांचा अंदाज सारखाच निघतो. स्निप त्यांच्यात फरक करतात.

एक गोष्ट मात्र विकणारे कधी सांगत नाहीत. वाढ अशी चीज आहे की जी जिवंत माशावर, साध्या काट्यावर मोजता येते. म्हणून वाढीसाठी जीनोमिक निवडीचा फायदा असतो, पण माफक. तिचा मोठा फायदा जे जिवंत माशावर मोजता येत नाही तिथे होतो. रोगाला तोंड देण्याची ताकद मोजायला मासा रोगाच्या तोंडी द्यावा लागतो, मांसाचं प्रमाण मोजायला तो कापावा लागतो. मेलेल्या माशापासून पिलं घेता येत नाहीत. तिथे नातलगांवर मोजायचं आणि स्निपवरून जिवंत भावंड निवडायचं.

जयंती रोहू मार्करवरच तयार झाला ना?

नाही. तो वजन आणि घराणी यांच्या चोख नोंदींवर उभा राहिला. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा इथल्या सिफा या केंद्रीय संस्थेने नॉर्वेच्या संशोधकांबरोबर १९९२ मध्ये हे काम हाती घेतलं. गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या पाच नद्यांमधला रोहू आणला, त्यात संस्थेच्या शेतावरचा मिसळला आणि त्यातून निवड सुरू झाली. स्वातंत्र्याच्या सुवर्णजयंतीला, १९९७ साली, वाण बाहेर आला, म्हणून नाव जयंती. संस्थेने दर पिढीला वाढीत सरासरी १७ टक्क्यांची भर नोंदवली आहे. चक्रवाढ व्याजासारखं मोजलं तर पाच पिढ्यांत ती दुपटीच्या पुढे जाते.

पाच नद्यांपासून सुरुवात झाली, हे मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटतं. निवडीला आधी वैविध्य लागतं. एकाच हॅचरीच्या (माशांचं बीज तयार करणाऱ्या केंद्राच्या) चार माशांतून कितीही हुशारीने निवडलं तरी हाती काय लागणार? फिलिपिन्समध्ये १९८८ साली सुरू झालेल्या गिफ्ट तिलापिया या सुधारित माशाच्या कामातही इजिप्त, घाना, केनिया, सेनेगल इथून जंगली मासे गोळा करून मगच निवड केली होती.

मार्कर या कथेत नंतर आले. सिफाच्या संशोधकांनी नॉर्वेकरांबरोबर रोहूचे स्निप शोधले, त्यांचा नकाशा केला आणि एरोमोनास या जिवाणूच्या रोगाला तोंड देण्याची ताकद कुठून येते याचा माग त्यावर काढला. तीच संस्था पुढे कटला या रोहूच्या भाऊबंद माशाकडे वळली आणि अमृत कटला हा सुधारित वाण आला.

आमच्या शेततळ्यात जयंती टाकला तर तो दुपटीने वाढेल?

तशी अपेक्षा धरू नका. माळव्यातल्या आणि देवासकडच्या हजारो शेततळ्यांना जुलैत पाणी येतं आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत ते तळाला जातं. रब्बीच्या गव्हाला, हरभऱ्याला तेच पाणी लागतं. म्हणजे माशाला मिळाले सात-आठ महिने. त्यातले डिसेंबर आणि जानेवारी इथे गार असतात, रात्री पारा दहाच्या आसपास किंवा खाली जातो, पाणी विशीच्या खाली आलं की रोहू खाणंच कमी करतो. चांगला वाण या मोसमात नक्की पुढे राहतो, आणि इतका कमी वेळ असताना जलद वाढीचं मोल आपल्याला इतरांपेक्षा जास्त आहे. पण ज्या पाण्यात निवड झाली ते ओडिशाचं, उबदार. दुसऱ्या हवेत घराण्यांचा क्रम थोडा बदलू शकतो. ही माशांच्या पैदाशीतली नेहमीची गोष्ट आहे.

मोसमी तळ्यासाठी बीजाचं वय वाणाइतकंच महत्त्वाचं, हे माझं ठाम मत आहे. बोटभर बोटुकलीऐवजी मागच्या पावसाळ्यातली, दाटीत रोखून ठेवलेली वर्षाची पिलं मिळाली तर तीच घ्या. मोकळं पाणी आणि पोटभर खाद्य मिळालं की ती झपाट्याने भरपाई करतात. भाऊजींनी हा बदल केला त्या वर्षी आम्ही वाण बदलला नव्हता, तरी फेब्रुवारीच्या जाळ्यातले मासे डोळ्यांनाच मोठे दिसत होते.

पूर्वी रोहू किती मोठा व्हायचा! आता बीजात दम का राहिला नाही?

हा प्रश्न जुनी माणसं विचारतात आणि त्यांचं निरीक्षण बरोबर असतं.

पूर्वी बीज नदीतून यायचं. पुराच्या पाण्यातून गोळा केलेलं, हंड्यांत भरून रेल्वेने गावोगाव पोचणारं. एका हंड्यात कितीतरी आईबापांची पिलं असायची. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पियूष ग्रंथीचा अर्क टोचून बंद पाण्यातल्या कार्प (रोहू-कटल्याच्या कुळातल्या) माशांना अंडी घालायला लावलं, आणि भारतीय मत्स्यपालनाचा नूरच पालटला. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो. त्या शोधाने आपल्याला नदीवरच्या अवलंबनातून सोडवलं, त्याचं ऋण मोठं आहे. पण त्याच शोधाने हॅचरीवाल्याच्या हाती एक जोखीम दिली. रोहूची मादी दर किलो वजनामागे दोन-तीन लाख अंडी देते. दहा-बारा माद्यांत अख्ख्या तालुक्याची मागणी भागते. मग जास्त प्रजनक, म्हणजे पैदाशीचे, मासे पोसायचे कशाला?

हिशेब करून बघा. दोन नर आणि दहा माद्या यांवर एक पिढी काढली तर पैदाशीच्या सूत्राने तो कळप जेमतेम सात माशांच्या तोलाचा ठरतो आणि त्या एका पिढीत सगोत्रता (जवळच्या नात्यातल्या पैदाशीचं माप) साडेसात टक्क्यांनी वाढते. सख्ख्या मामाच्या मुलीशी लग्न केलं तर मुलांत ती सव्वासहा टक्के येते. म्हणजे एका पावसाळ्यात अख्ख्या कळपाचा मामेबहिणीशी विवाह लावून दिल्यापेक्षाही जास्त. पुढच्या पावसाळ्यात त्याच पिलांतून पुन्हा दोन नर आणि दहा माद्या. पन्नास नर आणि पन्नास माद्या ठेवल्या तर तीच वाढ अर्धा टक्का होते. आपले पूर्वज गोत्र बघत होते. माशांचं गोत्र बघायला आज मार्कर आहेत, आणि माझ्या दृष्टीने वाढ वाढवण्याआधी ती घसरू न देण्यासाठी त्यांचा वापर व्हायला हवा.

याहून वाईट एक सवय आहे. तळ्यातले मोठे मासे भाव चांगला मिळतो म्हणून बाजारात जातात, आणि जाळ्यातून राहिलेले खुरटे पुढच्या वर्षी प्रजनक म्हणून वापरले जातात. ही निवडच आहे, उलट्या दिशेने केलेली. ०.२५ चा तो हिशेब उणे चिन्हानेही तितकाच खरा असतो.

कटला आणि रोहू यांचा संकर जास्त वाढतो म्हणतात. मुद्दाम घ्यावा का?

खाण्यासाठी एकदाच वाढवायचा असेल तर नुकसान नाही. पण हा संकर वांझ नसतो. तो प्रजनकांच्या हौदात शिरला तर पुढच्या पिढीत ना धड कटला, ना धड रोहू. हे बहुतेक वेळा मुद्दाम होतही नाही. वेळ आणि पाणी वाचवायला कटला, रोहू आणि मृगळ एकाच वर्तुळाकार हौदात अंडी घालायला सोडतात, आणि पाण्यात शुक्र-अंडी मिसळतात. पहिल्या पिढीतला संकर जाणत्या डोळ्याला कळतो: डोकं कटल्यापेक्षा लहान, अंग रोहूपेक्षा उंच. तिसऱ्या पिढीत डोळा फसतो. तिथे मार्करशिवाय खात्री नाही.

विकत घेतलेलं बीज खरंच जयंती आहे हे कसं ओळखायचं?

बोटुकली बघून कुणीही ओळखू शकत नाही. जो ‘रंगावरून सांगतो’ म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका.

आम्ही स्वतः फसलो आहोत. एका विक्रेत्याने जयंती म्हणून बीज दिलं, पिशव्यांवर चिठ्ठीही होती. फेब्रुवारीत जाळं ओढलं तेव्हा त्यातले चाळीस मासे बाजूला काढून मी एकेक काट्यावर ठेवला. सगळ्यात जड ९२० ग्रॅम, सगळ्यात हलका २४० ग्रॅम, त्याच पाण्यात, त्याच वयाचे. अकरा माशांची डोकी रोहूची नव्हती. ओठ जाड, कपाळ चढं, अंग उंच. भाऊजी काठावर बसून वही लिहीत होते. ते म्हणाले, “वहिनी, पुरे करा आता.” मी चाळीस पूर्ण केले. ती वही अजून आहे, आणि बीज घेताना मी ती बरोबर नेते.

जयंतीचं म्हणून एकच असं मार्कर नसतं. पन्नासेक पिलांच्या परांचे तुकडे घेऊन पुष्कळ मार्कर वाचायचे आणि मूळ कळपाच्या नोंदींशी जुळवायचे, अशी तपासणी होते. ती तळेवाल्याच्या आवाक्यातली नाही. तुमच्या हाती आहेत ते प्रश्न, ते हॅचरीवाल्याला विचारा. प्रजनक मासे कुठून आणले आणि कोणत्या वर्षी? मूळ कळपाच्या संस्थेकडून आणल्याची पावती आहे का? यंदा नर किती, माद्या किती वापरल्या? जाती वेगळ्या हौदांत सोडता का? शेवटचं नवं रक्त कधी आणलं? ज्याच्याकडे वही आहे तो वही दाखवतो. सुधारित कार्पचे प्रजनक आणि बीज राज्यांपर्यंत पोचावेत यासाठी भुवनेश्वरला राष्ट्रीय प्रजनक बँक आहे. आपल्याला जवळचं म्हणाल तर मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेचं केंद्र इटारसीजवळ पवारखेड्याला आहे. मार्गदर्शनासाठी तिथे जाऊन यायला काहीच हरकत नाही.

मग मी माझ्या माशांचा डीएनए तपासून घेऊ का?

वाढवून विकणाऱ्याने नको. तुमचा पैसा खाद्यात, चुन्यात आणि चांगल्या बीजात जाऊ द्या. तपासणी हॅचरीसाठी आहे, आणि तीही दरवर्षी सगळ्या माशांची नाही. नवे प्रजनक आणताना एकदा करावी, म्हणजे सख्खी भावंडं एकमेकांना लावली जात नाहीत आणि संकर वेगळे काढता येतात. पाच-सहा हॅचरींनी मिळून ही तपासणी केली आणि आपसात नर बदलले तर सगळा माळवा सुधारेल. मी हे प्रत्येक बैठकीत बोलते, पुढेही बोलत राहीन.

नमुना घेताना माशाला त्रास होतो का?

नीट घेतला तर फार थोडा. मासा ओल्या फडक्यावर आडवा ठेवायचा आणि फडक्याचंच टोक डोळ्यांवर घ्यायचं. अंधार झाला की तो शांत होतो, फक्त कल्ल्यांची झाकणं हलत राहतात. शेपटीच्या परांच्या टोकाचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा स्वच्छ कात्रीने कापून ९५ टक्के अल्कोहोलच्या लहान बाटलीत टाकायचा. बाटलीवर पेन्सिलीने क्रमांक घालायचा, कारण अल्कोहोल सांडलं की पेनाची शाई पुसते. कात्री ज्योतीवर धरून पुसली की पुढचा मासा. एका माशाचा कण दुसऱ्याच्या बाटलीत गेला तर सगळं नातं चुकतं. अर्ध्या मिनिटात मासा पाण्यात परत जातो आणि पर पुन्हा वाढतो.

मार्करवर लहानपणीच निवड केली तर पिढी लवकर फिरते?

रोहूत फारशी नाही. निवड पहिल्या महिन्यात झाली तरी मासा वयात यायला दुसरं वर्ष लागतंच, कटल्याला त्याहून जास्त. हजार पिलं पोसण्याऐवजी शंभरच पोसावी लागतात, हा फायदा मात्र खरा.

गिफ्ट तिलापिया जास्त वेगाने वाढतो, तोच का नको?

परवानगीशिवाय पाळता येत नाही, आणि ती अट योग्य आहे. तिलापिया तळ्यातच भराभर पिलं काढतो आणि बाहेर पडला की नदीत ठाण मांडतो. परवाना, गाळण्या आणि फक्त नरांचं बीज, ही सगळी तयारी असेल तरच विचार करा.

चवीत फरक पडतो?

आमच्या घरी कुणाला जाणवला नाही. चव पाण्यावर, खाद्यावर आणि पकडण्याआधी एक दिवस उपाशी ठेवला की नाही यावर जास्त अवलंबून असते.

पुरात तळं फुटून सुधारित मासे नदीत गेले तर?

याची काळजी करणारे फोन कमी येतात, ते वाढायला हवेत. इंदूर पाणलोटाच्या सीमेवर वसलं आहे. महूच्या दक्षिणेला उतरणारं पाणी चोरल नदीने नर्मदेत जातं. देपालपूर-सांवेरकडचं पाणी गंभीर आणि कान्ह या नद्यांनी क्षिप्रेत, तिथून चंबळेत, यमुनेत आणि गंगेत. म्हणजे आमच्या तळ्यातून निसटलेला रोहू जिथे पोचतो ते जंगली रोहूचं माहेर आहे. त्याच यमुनेतून आणि गंगेतून जयंतीचे पूर्वज आणले होते. तळ्यातला मासा निवडलेला असतो, थोड्या आईबापांचा असतो, हातून खाद्य मिळण्याची त्याला सवय असते. असे मासे वर्षानुवर्षं नदीतल्या कळपात मिसळत गेले तर तिथलं वैविध्य पातळ होतं, आणि पुढच्या निवडीला लागणारा मूळ साठा तिथेच आहे. नर्मदेकडच्यांनी तर जास्त जपावं, तिथे महाशीर आहे, मध्य प्रदेशाचा राज्यमासा, आधीच अडचणीत आलेला.

म्हणून सांडव्याच्या तोंडाला जाळी हवीच, बोटुकली निसटणार नाही इतक्या बारीक आसाची (छिद्रांची). जाळीत पालापाचोळा अडकला की पाणी बांधावरून उसळतं आणि बांधच जातो, त्यामुळे पुढे एक जाड आसाची जाळी कचऱ्यासाठी लावायची, आणि जुलै-ऑगस्टमध्ये रात्री पाऊस वाढला की कुणीतरी कंदील घेऊन जाऊन ती मोकळी करायची. आमच्याकडे ते काम भाऊजींचा धाकटा मुलगा करतो. जाळी मोकळी केली की तो पहाटे किती वाजता गेला होता ते वहीत लिहून ठेवतो.